बुच्याचे कान

माझ्या हयातीतली बावीस-तेवीस वर्षं कुत्र्यांचे कान पाहण्यात गेली. आमच्या गावच्या वाचनालयाची मंडळी दिवाळीला एक छापील पुस्तक काढतात. त्यात यंदा माझ्या नोकरीविषयी लिहा म्हणाले. मी आधी हसलोच. वकील, मास्तर, तहसीलदार यांनी लिहावं. कुत्री सांभाळणाऱ्या माणसाने काय लिहायचं? पण मग वाटलं, ज्यांच्यामुळे हे काम मला जमलं त्यांची नावं कुठेच कागदावर आलेली नाहीत. तेवढी तरी येतील.

मी बाळापूरकडचा, जातीने माळी. घरी वांगी-मिरचीचा मळा होता. त्या वर्षांत वऱ्हाडात सगळं उलटंपालटं झालं. साता समुद्रापलीकडे कुठे लढाई लागली, तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला आणि आमच्या काळ्या मातीतल्या कापसाला सोन्याचा भाव आला. ज्वारीच्या जागी कापूस, तुरीच्या जागी कापूस. माझ्या काकांनी तर अंगणातल्या तुळशीभोवतीही चार सरक्या टोचल्या होत्या. मळ्यात माझी गरज उरली नाही, म्हणून मी अकोल्याला एका शेटजींच्या वखारीत कामाला लागलो.

कापसाच्या वखारीत कुत्री कशाला, असं बाहेरचा माणूस नेहमी विचारतो. चोरासाठी तर हवीतच. पण चोराने नेऊन नेऊन किती कापूस न्यायचा? खरे शत्रू दोन. एक, मोकाट गुरं. त्यांना सरकीचा वास लांबून येतो आणि ती कुडाला शिंगं लावून आत शिरतात. दुसरा, विस्तव. गाडीवान चिलीम ओढतात, ठिणगी कापसात पडते, वरून काही दिसत नाही आणि आतल्या आत दोन-दोन दिवस धुमसतं. कुत्र्याला ते माणसाआधी कळतं. मात्र त्याला कळलेलं आपल्याला कळायला हवं. माझी नोकरी एवढीच होती.

पहिले सहा महिने मला काहीच कळत नव्हतं. कुत्रा भुंकला की काठी घेऊन धावायचं आणि चूप राहिला की बसायचं, असा माझा हिशेब. शिकवलं ते याडीने.

याडी म्हणजे लमाणांच्या बोलीत आई. ती एका तांड्यातली म्हातारी होती. तिचं खरं नाव मी कधी विचारलं नाही, याची आज लाज वाटते. तिच्या तांड्याचे बैल पाठीवर ओझी घेऊन घाटापलीकडे जायचे. मग रेल्वे अकोल्याला आली. ज्या वाटेला त्यांचे दोन महिने जायचे ती वाट गाडी दोन दिवसांत कापू लागली आणि तांड्याला काम उरलं नाही. बैल विकले गेले. तांडा बाळापूरच्या वाटेवर नदीकाठी झोपड्या बांधून बसला. तांड्याची राखणीची कुत्री आमच्या मालकांनी वखारीसाठी घेतली, आणि ती नव्या जागी रुळेपर्यंत चार महिने याडी रोज त्यांना पाहायला यायची.

एका दुपारी मी भुरी नावाच्या कुत्रीला भाकर टाकत होतो. ती गुरगुरली. मी काठी उगारली. याडी भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "काहून मारून राह्यला बेटा? तिनं तुले पह्यलेच सांगतलं होतं."

"काय सांगतलं?"

"कान पाह्य तिचे. तू आला तवा कान आडवे झाले. मंग मांगं गेले. मंग डोक्याले चिकटले. तीन डाव बोलली थे. चौथ्या डावाले गुरगुरली. तू बह्यरा हायेस त्याले थे काय करन?"

त्या दिवसापासून मी बहिरा राहायचा नाही असं ठरवलं.

जे शिकलो ते थोडक्यात सांगतो. कान ताठ आणि पुढे वळलेले असले की कुत्र्याचं लक्ष कशावर तरी लागलेलं असतं. ते चांगलं की वाईट हे अजून त्याचंही ठरलेलं नसतं. एक कान पुढे आणि एक बाजूला असला तर तो दोन गोष्टी एकदम ऐकतो, अशा वेळी त्याला हाक मारू नये. कान सैल मागे गेले, डोळे मिचमिचे झाले आणि सगळं अंग हललं तर तो खुशीत आहे. पण तेच कान मागे जाऊन डोक्याला घट्ट चिकटले, तोंड मिटलं आणि अंग दगडासारखं झालं तर तो भ्यालेला आहे. आणि वखारीत जे जे चावे पडलेले मी पाहिले, त्यातले बहुतेक भ्यालेल्या कुत्र्यांचे होते, रागावलेल्यांचे नव्हते. ज्यांचे कान लोंबते असतात त्यांचं टोक पाहून उपयोग नाही, कानाचं मूळ पाहावं लागतं. आणि नुसता कान कधी वाचू नये. डोळे, तोंड, शेपूट, पाठ हे सगळं सोबत वाचावं.

याचा पहिला मोठा उपयोग अमरावतीला झाला. मालकांची तिथेही वखार होती. निरोप आला की तिथला राखणीचा कुत्रा पिसाळला, दोघांवर धावून गेला, आता त्याला मारायचा आहे. मालकांनी मला पाठवलं. मी बडनेऱ्यापर्यंत आगगाडीने गेलो, पुढे बैलगाडीने. पोचलो तर अंगणात आठ-दहा माणसं काठ्या घेऊन उभी आणि कोपऱ्यात तो तांबडा कुत्रा मान वाकडी करून थरथरत होता.

पिसाळलेली कुत्री मी पाहिली आहेत. त्यांच्या जवळ जायची हिंमत कुणी करू नये, मीही केली नाही. लांबच बसलो. घटका-दोन घटका नुसता पाहत राहिलो. कुत्रा उठला, कुंडीपाशी गेला आणि नीट पाणी प्याला. लाळ नव्हती, चाल सरळ होती. डावा कान सगळीकडे फिरत होता. कुणी खोकलं की तिकडे, गाडी वाजली की तिकडे. उजवा मात्र लोंबून राहिलेला. आणि उजव्या बाजूने कुणी गेलं तरच तो अंगावर यायचा.

"याचा उजवा कान दुखून राह्यला," मी म्हणालो.

तिथला दिवाणजी म्हणाला, "वैद्य हायेस काय तू?"

"नाई. पन काठी माराची तर उद्या मारा. आज कुत्रा कुठं पळून नाई चालला."

रात्रीपर्यंत त्याला भाकरीवर वळवला, तोंडाला दोरीचा फास दिला, दोघांनी धरला आणि मी कानात कोमट तेल सोडलं. सकाळी पुन्हा सोडलं. तेलाबरोबर एक कुसळ वर आलं. पावसाळ्यानंतर माळावर वाळलेलं गवत असतं ना, त्याचं. बोटाच्या पेराएवढं. दुसऱ्या दिवशी तो कुत्रा दिवाणजींच्या जोड्यांवर डोकं ठेवून झोपला होता. दिवाणजी दुपारपर्यंत अनवाणी फिरत होते. त्याला उठवायचं कसं, असं मलाच विचारत होते.

हे मी थोडं मिरवायला सांगितलं. आता जे सांगायचं त्यात मिरवण्यासारखं काही नाही.

अकोल्याच्या वखारीचे मुकादम खंडूजी होते. कडक माणूस, पण कामाला सगळ्यांच्या आधी हजर. त्यांच्या डोक्यात एक होतं, की कुत्र्याचे कान कापले की तो तिखट होतो. तेव्हा बरेच लोक असं मानायचे. आमच्याकडे एक काळा, उंच, दीड वर्षाचा कुत्रा होता. सगळ्यांत शहाणा तोच. खंडूजींनी त्याचे कान कापायचे ठरवले.

मला ते पटलं नव्हतं. पण मी तोंड उघडलं नाही. मुकादमांपुढे मी लहान होतो, नोकरी टिकवायची होती. कुत्रा दुसऱ्या कुणाला धरू देईना म्हणून मीच त्याला मांडीत धरला. तो माझ्याकडे पाहत होता. कान डोक्याला घट्ट चिकटलेले. त्याने पुन्हापुन्हा सांगितलं आणि मी हात सोडले नाहीत. आमच्याकडे कान नसलेल्याला बुचा म्हणतात, तेव्हापासून त्याचं नाव बुच्या पडलं.

बुच्या तिखट झाला की नाही ते सांगता येत नाही. मुका मात्र झाला. दुसरी कुत्री त्याच्याशी उगाच भांडू लागली, कारण तो खेळायला येतो की अंगावर येतो हे त्यांनाही कळेना. आणि एक दिवस तो राधाबाईंना चावला.

राधाबाई सरकी काढायला यायच्या. तेव्हा हाताने फिरवायच्या लाकडी चरक्या असत. त्यात कापूस घातला की एका बाजूला रुई पडते, दुसऱ्या बाजूला सरकी. पंधरा-वीस बाया कुडाने बंद केलेल्या एका लांब पडवीत बसून दिवसभर हेच करायच्या. राधाबाई त्यांच्यातल्या वडीलधाऱ्या, विधवा, घरी लेक आणि नात. बुच्या सावलीला त्यांच्याजवळ पडला होता. त्यांनी पलीकडची रुईची पाटी उचलायला त्याच्या अंगावरून हात पुढे केला आणि त्याने मनगट फोडलं. गुरगुर नाही, काही नाही. मी दहा हातांवर उभा होतो आणि मलाही काही दिसलं नाही. जिथे पाहायचं तिथे काही उरलंच नव्हतं.

खंडूजी काठी घेऊन आले. "असा कुत्रा नाई पाह्यजे. बांधा त्याले."

राधाबाई जमिनीवर बसल्या होत्या. मनगटाला पदर गुंडाळलेला, पदर लाल झालेला. त्या म्हणाल्या, "मुकादम, काठी खाली ठेवा."

"तुमाले चावला न थो, बाई."

"मले चावला, तर मीच सांगतो. त्याचे कान तुमीनं कापले. आता त्यानं सांगावं तरी कशानं?"

पडवीतल्या सगळ्या चरक्या थांबल्या होत्या. खंडूजींनी काठी भिंतीला लावली आणि ते निघून गेले.

राधाबाईंना महिनाभर उजव्या हाताने चरकी फिरवता आली नाही. माझं काम सकाळी लवकर आटपायचं, म्हणून दुपारभर त्यांच्या चरकीवर मी बसू लागलो. बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. राधाबाई शेजारी बसून डाव्या हाताने कापूस पुढे सारायच्या आणि मला सांगायच्या, "हळू फिरव गोंदा, सरकी फुटून राह्यली." त्या मला एकदाही रागे भरल्या नाहीत. भरल्या असत्या तर बरं झालं असतं. चार दिवसांनी मीच सांगितलं, की कापताना कुत्रा मी धरला होता.

त्या म्हणाल्या, "मले मालूम हाय. बसली होती न मी इथंच."

त्या आठवड्यात मी तांड्यावर गेलो. याडीने ऐकून घेतलं आणि मला जे सुनावलं ते इथे लिहिता येणार नाही. मग थोडी शांत झाल्यावर म्हणाली, "टोक कापलं, मूळ नाई कापलं. मूळ हालते अजून. त्याच्या कपाळाची कातडी पाह्य. कान मांगं गेले का कातडी तनते, पुढं आले का आठी पडते. बारीक हाय, पन हाय."

मी परत आलो आणि बुच्यासमोर बसायला लागलो. दुपारी चरकी फिरवताना तो समोर असायचा. राधाबाईही पाहायच्या. पंधरा दिवसांनी त्याच म्हणाल्या, "पाह्य, आता मांगं गेले." मला दिसलं नव्हतं, त्यांना दिसलं. त्यानंतर बुच्या वखारीत कुणालाही चावला नाही. त्याचं म्हणणं ऐकणारी दोन माणसं त्याला मिळाली होती.

पुढच्या फाल्गुनातली गोष्ट. वखार तुडुंब भरलेली होती. दोरखंडांनी आवळलेल्या रुईच्या गाठी पडवीच्या भिंतीला लागून एकावर एक रचलेल्या, माणसाच्या दुप्पट उंच. त्याच दिवशी त्या स्टेशनावर पोचवायच्या होत्या, मालडबे उभे होते. ऊन कडक होतं. खंडूजी गाडीवानांवर ओरडत होते. पडवीत बाया बसल्या होत्या, आणि त्या पडवीला दार एकच, त्याच थप्पीच्या अंगाला.

बुच्या थप्पीसमोर उभा होता. भुंकत नव्हता. मी पाहिलं तर कपाळावर आठी पडली, म्हणजे कान पुढे. लगेच कातडी ताणली गेली, म्हणजे कान मागे. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. एक पाऊल टाकायचा आणि दोन पावलं सरायचा.

मी खंडूजींना म्हणालो, "मुकादम, या थप्पीत विस्तव हाय."

ते आले, वास घेतला, हात लावून पाहिला. थप्पी थंड होती. "उंदीर असन आत."

"उंदीर असता तर कान पुढंच राह्यले असते. थो भेऊन राह्यला. कुत्रा उंदराले भेत नाई."

"कान?" खंडूजी म्हणाले. "गोंदा, कान कुठी हायेत त्याले?" मग आवाज चढवून म्हणाले, "थप्पी उतरवाची तर दुपार जाईन. डबे रिकामे गेले तर मालकाले तू जबाब देशीन? काई नाई निघालं तर तुझी कुत्री घे आन चालता हो."

"होतो," मी म्हणालो. लग्नाची बोलणी चालली होती माझी, आणि गावाकडे परत जायला मळा उरला नव्हता.

एवढ्यात पडवीतून राधाबाई उठल्या. दारात आल्या, बुच्याकडे पाहिलं आणि मागे वळून शांतपणे म्हणाल्या, "चाला माय, उठा साऱ्या. बाहीर चाला."

"तुमाले काय झालं बाई?" खंडूजी म्हणाले.

"थो मांगं सरून राह्यला. मी नाई बसत इथं."

एकेक करून सगळ्या बाया बाहेर आल्या आणि कडुनिंबाखाली उभ्या राहिल्या. आता काम तसंही थांबलं होतं. खंडूजींनी पागोटं काढलं, कपाळ पुसलं आणि गाडीवानांना म्हणाले, "उतरवा."

वरच्या दोन थरांत काही नव्हतं. तिसऱ्यातही नव्हतं. खंडूजी माझ्याकडे पाहत होते आणि मी बुच्याकडे. चौथ्या थरातली भिंतीकडची गाठ ओढली तेव्हा गाडीवानाने हात झटकला. गाठीला रुपयाएवढं काळं भोक पडलं होतं आणि त्यातून बारीक धूर निघत होता. जळक्या फडक्याचा वास आला.

"फोडू नका," मी ओरडलो. "लोटा मैदानात."

चौघांनी ती लोटत मोकळ्यात नेली. वारा लागताच ती भडकली. ज्यांनी रुईची गाठ पेटताना पाहिली नाही त्यांना सांगून कळायचं नाही. ती जळत नाही, उडते. भिंतीशी राहिलेल्या दोन गाठींनीही पेट घेतला आणि पडवीचं गवती छप्पर आम्ही पाणी आणेपर्यंत खाली आलं. चरक्या जळाल्या. राधाबाईंची चरकी, जिच्यावर मी महिनाभर बसलो होतो, तीही जळाली. पण माणूस एकही गेलं नाही. सगळ्या बाया कडुनिंबाखाली उभ्या होत्या आणि त्यांतली एकजण पुन्हापुन्हा सगळ्यांना मोजत होती.

मग खंडूजी बुच्याजवळ जाऊन बसले, हात लावला नाही, नुसते बसले. त्यांनी पुढे कधी कुठल्या कुत्र्याचे कान कापले नाहीत. तेल्हाऱ्याहून एका ओळखीच्याने पिल्लू पाठवलं आणि सोबत विचारलं, की कान कापून पाठवू का. खंडूजींनी जबाब पाठवला, "जसं हाय तसं धाड."

मालकांनी वखारीसमोर सगळ्यांच्या देखत मला पागोटं बांधलं. लाल, जरीकाठी, लांबलचक. मी ते घालून तांड्यावर गेलो. याडी आजारी होती, खाटेवर पडून होती. मी सगळं सांगितलं. बुच्याचं सांगताना ती डोळे मिटून ऐकत होती.

"कुत्र्याले काय देल्लं?"

"दूध-भाकर. रोजची."

"तुले?"

मी डोक्याकडे बोट दाखवलं. तिने डोळे उघडून पाहिलं आणि हसली.

"आन त्या बाईले?"

राधाबाईंना कुणी काही दिलं नव्हतं, आणि मजा अशी की ते माझ्याही ध्यानात आलं नव्हतं. त्यांनी काठी थांबवली नसती तर फाल्गुनात बुच्या नसता. आणि त्या दिवशी त्या उठल्या नसत्या तर थप्पी उतरली नसती.

याडी त्याच उन्हाळ्यात गेली. मला उशिरा कळलं. ती लढाई तर आधीच संपली होती, पुढे कापसाचा भाव उतरत गेला, किती जण जसे वर चढले तसे खाली आले. मालकांनी अमरावतीची वखार मोडली. अकोल्याची राहिली आणि माझी नोकरीही राहिली. याडीने दिलेल्या विद्येवर माझा संसार झाला, मुलं मोठी झाली. बुच्या म्हातारा होऊन कडुनिंबाखाली मेला, त्याला मी आणि खंडूजींनी मिळून पुरला.

पण पागोटं घालून तांड्यावर गेलो त्या दिवशी, परतताना मी घरी न जाता राधाबाईंच्या दारात गेलो होतो. त्या भाकरी थापत होत्या. मी पागोटं काढून त्यांच्यापुढे ठेवलं.

"हे काहून?"

"तुमचं हाय."

"बाईमानसानं पागोटं काय कराचं रे?"

"माईत नाई. पन तुमचं हाय."

त्यांनी पिठाचे हात पुसले, पागोट्याचं टोक धरलं आणि ते उलगडत गेल्या, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. कापड बोटांत चोळून पाहिलं. दुसऱ्या दिवशी मी त्या वाटेने गेलो तेव्हा घराच्या आढ्याला लाल झोळी टांगलेली होती, जरीचा काठ वरच्या अंगाला, आणि तिच्यात त्यांची नात झोपली होती.